बारीक होण्याचं इंजेक्शन आणि निर्णयाचा हक्क

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. आपल्या शिबिरांत तलाक, शिक्षण, संविधान, रोजगार यांवर बोलणं होतं. मग वजन कमी करण्याच्या औषधांवर कशासाठी? कारण तरुण मुलामुलींशी बोलताना हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी आला. एका मुलीने विचारलं, "घरचे म्हणतात, रिश्ते यायला लागलेत, तीन-चार महिने ते इंजेक्शन घे. मला नाही म्हणता येतं का?" एका मुलाने विचारलं, "डॉक्टरांनी मला ते घ्यायला सांगितलंय. पण अब्बा म्हणतात, नफ्सवर काबू नाही म्हणून आता सुया टोचून घेणार का? मला हो म्हणता येतं का?"

एकीला नकार द्यायचा आहे, दुसऱ्याला होकार. पण दोघांचा प्रश्न एकच आहे. माझ्या शरीराबद्दल शेवटचा शब्द कुणाचा?

हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. माझ्या आयुष्याचा निर्णय मला न विचारता कुणी घेऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. स्वतःच्या शरीराविषयी स्वतः निर्णय घेणं हा त्या हक्काचाच भाग मानला गेला. पहिल्या निकालाची आपण भरपूर चर्चा केली. दुसऱ्याची फारशी केली नाही. आज ती थोडी करू या.

मी डॉक्टर नाही. औषध घ्या किंवा घेऊ नका, असं मी सांगणार नाही. निर्णय कसा घ्यावा आणि कुणी घ्यावा, यावर बोलणार आहे. पण ज्याची माहितीच नाही त्याबद्दल निर्णय कसा घेणार? म्हणून आधी माहिती.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक स्रवतं. रक्तातली साखर वाढली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड हे औषध त्याचीच नक्कल करतं, पण आठवडाभर टिकतं. म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन. टिर्झेपॅटाइड हे औषध अशा दोन संप्रेरकांचं काम करतं. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०१७ मध्ये ओझेम्पिक या नावाने मधुमेहासाठी मंजुरी मिळाली आणि २०२१ मध्ये जास्त मात्रेत, वेगोव्ही या नावाने, वजनासाठी. भारतात मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड मौंजारो या नावाने आलं आणि जूनमध्ये वेगोव्ही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की देशी कंपन्यांना तेच औषध स्वस्तात बनवता येतं. म्हणजे हा विषय वांद्रे-जुहूपुरता राहत नाही. तो भिवंडी, मालेगाव, मिरजेच्या मेडिकल दुकानापर्यंत येतो.

औषध काम करतं का? करतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिला होता. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. २०२३ मध्ये आणखी मोठ्या, १७,६०४ लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वजन जास्त, आधीच हृदयविकार, पण मधुमेह नाही, अशी ही माणसं होती. त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण औषधाने २० टक्क्यांनी कमी झालं. तेव्हा हे नुसतं सौंदर्याचं औषध आहे, असं म्हणून कुणी ते उडवून लावू नये.

आता दुसरी बाजू. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्रास अनेकांना होतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असेल तर हे औषध घेता येत नाही. चरबीबरोबर स्नायूही घटतात. आणि इंजेक्शन थांबवल्यावर काय होतं? त्याच पहिल्या चाचणीतल्या काही लोकांचा पुढे वर्षभर पाठपुरावा केला गेला. औषध बंद झाल्यावर, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे ताप उतरला की बंद करायचं, असं हे औषध नाही. रक्तदाबाच्या गोळीसारखं, अनेकांना ते दीर्घकाळ घ्यावं लागतं.

इतिहासही लक्षात असू द्या. फेनफ्लुरामाइन नावाचं वजनाचं औषध अमेरिकेत लाखोंनी घेतलं आणि हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. सिब्युट्रामाइन २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपात मागे घेतलं गेलं. आजची औषधं त्यांच्यापेक्षा वेगळी आहेत आणि त्यांचा अभ्यासही खूप जास्त झाला आहे. तरीही, आरोग्याची गरज नसताना ती घेणाऱ्याने हा इतिहास आठवावा.

आता अब्बांच्या आक्षेपाकडे येते. वजन म्हणजे नफ्सची कमजोरी. कमी खा, सब्र करा, रोजे ठेवा, चाला. सुईची गरज काय?

हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. खाण्यापिण्यात अतिरेक नको, ही शिकवण आपल्याकडे आहेच. आपल्या दावतींमध्ये दोन-दोन वेळा बिर्याणी वाढून घेणं आणि वर शीरखुर्मा, याला अब्बा नावं ठेवत असतील तर त्यांचं ऐकावं. पण शिकवणीत आणखीही काही आहे. शरीर ही अमानत आहे, शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, आजार झाला तर इलाज करावा. ताटासाठी दिलेला सल्ला आजारी माणसावर आरोप म्हणून वापरायचा नसतो. चष्मा लावणाऱ्याला आपण म्हणत नाही, की डोळ्यांवर काबू ठेव. इन्सुलिन घेणाऱ्या दादीला कुणी कमजोर ईमानाची म्हणत नाही. भूक किती लागते, पोट कधी भरतं, चरबी कुठे साठते, यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. एकाच दस्तरखानवर बसलेल्या दोन भावांची भूक सारखी नसते.

याची एक सुंदर गोष्ट आपल्या पुण्यातच घडली. केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपल्या भागातला माणूस वरून सडपातळ दिसतो, आत चरबी असते, म्हणून कमी वजनातही मधुमेह गाठतो. तेव्हा दिसण्यावरून माणसाचं आरोग्यही कळत नाही आणि त्याचा सब्रही कळत नाही.

तुम्ही हमखास विचाराल ते दोन प्रश्न आधीच घेते. हे हलाल आहे का? सेमाग्लुटाइड मुळात यीस्टच्या मदतीने तयार केलं गेलं, टिर्झेपॅटाइड रासायनिक पद्धतीने बनतं. सरड्याच्या विषाचं इंजेक्शन अशी जी गोष्ट फिरते, तिचा संबंध याच गटातल्या २००५ साली आलेल्या जुन्या औषधाशी आहे. गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या लाळेतला एक रेणू पाहून ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं. दुसरा प्रश्न, रोजा तुटतो का? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्येच मत दिलं, की पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. उलट्या-जुलाब होत असताना चौदा तास पाण्याविना राहणं मूत्रपिंडांना धोक्याचं ठरू शकतं. मधुमेहाची इतर औषधं चालू असतील तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून रमजानच्या आधी डॉक्टरांशी बोला. मसला विचारायला आलिमांकडे जा, पण डोस विचारायला नको.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे, तुला फायदे-तोटे कळले आहेत आणि तुला घ्यायचं आहे, तर घे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अब्बांना समजावून सांग, पण परवानगी मागण्याची गरज नाही. तू सज्ञान आहेस.

आता त्या मुलीचा प्रश्न. तो मला जास्त छळतो, कारण तिच्या घरचे शत्रू नाहीत. अम्मीला, खालाला तिचं भलंच हवं आहे. बाजार कसा आहे हे त्यांना माहीत आहे. फोटो पाहून "थोडी हेल्दी आहे" म्हणत रिश्ता परत जातो, हे त्यांनी सोसलं आहे.

आधी औषधाचं बोलू. वजनासाठी या औषधाची शिफारस साधारणपणे बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर, अथवा २७ च्या पुढे असून सोबत रक्तदाब, मधुमेह असा काही आजार असेल तर केली जाते. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो असलेल्या मुलीचा बीएमआय २५ येतो. ती या निकषात बसतच नाही. रिश्ता यावा म्हणून जिला इंजेक्शन घ्यायला सांगतात, ती अनेकदा अशीच निरोगी मुलगी असते. दुसरं म्हणजे, तीन-चार महिन्यांनी बंद केलं की वजन बहुतांशी परत येणार. आणि तिसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. गर्भधारणेआधी किमान दोन महिने सेमाग्लुटाइड थांबवावं लागतं. टिर्झेपॅटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. आता आपल्या घरांचं वेळापत्रक आठवा. निकाहाच्या आधी इंजेक्शन चालू करायचं आणि निकाहानंतर तीन महिन्यांत "काही गोड बातमी?" म्हणून विचारायचं. या दोन्ही अपेक्षांचं ओझं एकाच शरीरावर येतं, आणि त्या शरीराच्या मालकिणीला कुणी विचारलेलं नसतं.

कायदा यावर काय म्हणतो? समीरा कोहली यांचा खटला माहीत करून घ्या. १९९५ मध्ये त्या तपासणीसाठी दाखल झाल्या. संमती दिली होती दुर्बिणीतून करायच्या प्रक्रियेची. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकते आणि तातडीचा धोका नाही, तर आईची संमती ही तिची संमती होत नाही. संमतीआधी पुरेशी माहिती द्यायला हवी, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. आई कितीही प्रेमळ असो. या निकालाने भारतातल्या प्रत्येक सज्ञान मुलीला सांगितलं, की तुझं 'हो' फक्त तूच म्हणू शकतेस.

तेव्हा तिला माझं उत्तर आहे, हो, तुला नाही म्हणता येतं. आणि तुला नाही म्हणणं जड जाऊ नये, ही जबाबदारी आमची आहे.

इथे काही मित्र मला अडवतात. "एखादी मुलगी स्वतःहून म्हणाली, मला बारीकच व्हायचंय, तर? तिची निवड आहे. तुम्ही कोण ठरवणार, की ती दबावाखाली आहे?" आक्षेप रास्त आहे. स्त्रीला स्वतःचं भलं कळत नाही, हे वाक्य आपण मौलवींच्या तोंडून पुष्कळ ऐकलं आहे. पुरोगामी तोंडातून तेच ऐकायची मला इच्छा नाही.

पण बीड जिल्हा आठवा. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कागदावर पाहिलं तर संमती होती, अंगठा होता, सही होती. पण खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडावर संडास नाही, पाळीत विश्रांती नाही. अशा वेळी बाई म्हणते, काढून टाका एकदाचं. ती मूर्ख नव्हती. तिच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांतून तिने निवडलं. दोष तिच्या निवडीत नव्हता, तिच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांत होता.

म्हणून निवड करणाऱ्या मुलीला मी प्रश्न विचारणार नाही, अडवणार तर मुळीच नाही. मी प्रश्न विचारेन तिच्या भोवतालाला. तिने नाही म्हटलं तर तिला काय किंमत मोजावी लागेल? घेतलं आणि मध्येच थांबवावंसं वाटलं तर थांबवू देतील का? पैसे कोण देतंय, आणि त्या पैशांबरोबर हुकूमही येतोय का? भारतात आलं तेव्हा मौंजारोच्या एका कुपीची किंमत मात्रेनुसार ३,५०० आणि ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. ज्या घरात मुलीच्या एमएस्सीच्या फीला पैसे नाहीत असं सांगितलं गेलं, त्या घरात बारीक होण्यासाठी पैसे निघत असतील, तर त्याचा अर्थ तिने समजून घ्यावा.

आणि उलट बाजूही पाहा. औषध स्वस्त झालं, की जाड माणसाला नवा टोमणा मिळणार, "आता तर इंजेक्शन आहे, आता काय सबब?" नको म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे. ज्याला आहे तसं राहायचं आहे, त्याने स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

मोहल्ल्याचंही बोलायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त आढळलं. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे पोट भरतं, पोषण होत नाही. स्वस्त आहे ते मैदा, साखर आणि तेल. मुलींना चालायला फूटपाथ नाही, खेळायला मैदान नाही, असेल तर मुलांनी भरलेलं. मुंब्र्यात परचम या गटाने मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवलं, त्यासाठी घराघरांत जाऊन आई-वडिलांशी बोलावं लागलं. ज्या मुलीला मैदानावर धावायची मोकळीक नाही, तिला घरात सुई टोचून बारीक व्हायला सांगणं, हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

मग आपण काय करायचं? काही गोष्टी उद्यापासून करता येतील.

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून किंवा मोबाइलवरच्या ग्रुपवरून घेऊ नका, कुणाला आणून देऊ नका. बनावट सेमाग्लुटाइड सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये दिला आहे. जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे आणि त्याच्या यादीत लठ्ठपणाचाही समावेश आहे. महिन्यात दहा किलोची हमी देणारी जाहिरात दिसली तर तक्रार करा.

ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांना माहिती द्या. कुणी डॉक्टरकडे एकटं जायला घाबरत असेल तर सोबत जा, आणि तो किंवा ती डॉक्टरशी बोलत असताना बाहेर थांबा.

रिश्ता पाहायला जाणाऱ्या मुलांनो, हे खास तुमच्यासाठी. मुलीच्या वजनाचा विषय तुमच्या अम्मीने काढला, तर तिथेच, सगळ्यांसमोर, अदबीने थांबवा. बाजार तुमच्या नावाने चालतो. गिऱ्हाइकाने भाव विचारणं सोडलं, की दुकान आपोआप बंद होतं.

आणि आपल्या वस्तीतल्या मैदानाची सकाळची एक वेळ मुलींसाठी राखून ठेवावी, यासाठी नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जायचं आहे. अर्जाचा मसुदा मी आणला आहे. चहाच्या सुट्टीत वाचा, दुरुस्त्या सुचवा, पटला तर सही करा. नाही पटला तर करू नका, कुणी कारण विचारणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.